कागदावरचा ‘ब्रेथ’

“लिहून घे त्या कॉन्व्हेंटवालीकडून. गायला तू आहेसच.”

आमच्या कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाचे सर जिमखान्यात बसून कुणाला तरी सांगत होते. दार अर्धं उघडं होतं आणि मी बाहेर उभी होते. कॉन्व्हेंटवाली म्हणजे मी. दोन वर्षं त्या कॉलेजात काढूनही बऱ्याच जणांना माझं नाव माहीत नव्हतं. हे नाव मात्र चपराश्यालाही माहीत होतं.

माझ्या हातात युवक महोत्सवाचा फॉर्म होता. महोत्सव त्या वर्षी धुळ्याला होता. ‘पाश्चात्त्य एकल गायन’ या ओळीसमोर मी घरूनच स्वतःचं नाव लिहून आणलं होतं. ते लिहायला मला चार दिवस लागले होते. पहिल्या दिवशी पेन्सिलीनं लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं आणि चौथ्या दिवशी त्यावरून शाई फिरवली. त्या ओळीसमोर आमच्या कॉलेजातून आजवर कुणाचंच नाव गेलं नव्हतं. सगळ्या खानदेशातून त्या प्रकारात तीन-चार स्पर्धक उतरत, त्यामुळे उभा राहील त्याला काहीतरी मिळणार हे सरांना ठाऊक होतं. नोटीसबोर्डावर त्यांनीच लिहिलं होतं, ‘इच्छुकांनी भेटावे’. मी इच्छुक होते. भेटायला आले होते.

मी फॉर्मची चौघडी केली, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये सारली आणि आत गेले.

“ये बेटा, तुझंच नाव काढलं होतं,” सर म्हणाले. त्यांनी माझं नाव काढलं नव्हतं.

कॅरमच्या टेबलावर धरणगावचा एक मुलगा बसला होता. तो रोज रेल्वेनं जाऊन-येऊन कॉलेज करायचा आणि गॅदरिंगमध्ये हिंदी सिनेमातली गाणी म्हणायचा. त्याचा आवाज चांगला होता. हे मी आजही नाकारत नाही. सरांना कुणीतरी सांगितलं होतं की हिंदी गाणाऱ्यालाच एखादं जोरकस इंग्रजी गाणं दिलं तर हॉल डोक्यावर घेतील, म्हणून मोठ्या आवाजाचं, ढोलवाल्यांचं एक गाणं शोधायचं ठरलं होतं. असली गाणी कुणाकडे असतील, तर माझ्याकडे.

“माले वाचता येस,” तो मुलगा खाली बघत मला म्हणाला, “पन तोंड वळत नही. तुम्ही मराठी अक्षरात लिखी द्या. जसं लिखशात तसंच म्हनसू. एक अक्षर इकडंतिकडं व्हनार नही.”

त्या काळी आम्ही मुलंमुली एकमेकांना अहोजाहोच करत असू.

सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणायला हवं होतं की सर, मीच गाणार आहे, फॉर्म भरून आणलाय. मी “हो” म्हणाले. या सगळ्या प्रकरणात मला पुष्कळांचा राग आला, पण पहिला राग त्या ‘हो’चा आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

ही गाणी माझ्याकडे आली ती मामेभावामुळे. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता. एका दिवाळीत त्यानं मला एक कॅसेट दिली. एका बाजूला हेवी मेटलची जुनी, नावाजलेली गाणी होती, मूळ गायक-वादकांनी केलेली. दुसऱ्या बाजूला तीच गाणी, पण दुसऱ्याच लोकांनी गायलेली. त्या बाजूच्या पट्टीवर त्यानं आपल्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, ‘इतरांनी केलेली’. एक गाणं कुठल्याशा कॉलेजच्या समूहानं म्हटलं होतं, एक नुसत्या व्हायोलिनांवर वाजवलं होतं. आणि एक गाणं एका बाईनं एकटीनं म्हटलं होतं, साथीला फक्त पियानो.

मूळ गाण्यात एक माणूस लोखंडाच्या भट्टीवर काम करतो. आज शिटी झाली की मी जाणार, पुन्हा इथे पाय ठेवणार नाही असं तो ओरडून सांगतो आणि दर कडव्यात पुन्हा भट्टीसमोर उभा असतो. मूळ गायक ते घसा फाडून म्हणतो. मागे ढोल असे कोसळतात की निम्मे शब्द त्यांच्याखाली गाडले जातात. बाई तेच शब्द सावकाश म्हणत होती. तिनं आवाज एकदाही चढवला नाही. पण ऐकताना मला वाटलं, तो नुसता ओरडणारा आहे आणि जाणार असेल तर ही जाईल. तोपर्यंत मला वाटत असे की गाणं ज्याचं त्याचं असतं, बाकीच्यांनी म्हटलं की ती नक्कल. एखादं गाणं दुसऱ्या कुणाच्या तोंडून खरं होऊ शकतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत नळाला दिवसाआड पाणी येई. नळ आला की घरोघरी मोटरी सुरू होत आणि अर्धा-पाऊण तास कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. मी टाकीपाशी पाण्यावर लक्ष ठेवायच्या निमित्तानं उभी राहायची आणि त्या घरघरीत गायची. सुरुवातीला मूळ गायकासारखं, मग बाईसारखं. पुढे पुढे मी दोघांसारखं गाणं सोडलं. एकदा वीज गेली, कॉलनीतल्या सगळ्या मोटरी एकदम बंद पडल्या आणि माझा आवाज उघडा पडला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “अगं, लोकांना वाटेल घरात भांडण चाललंय,” ती म्हणाली.

बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, नातेवाइकांशी वाद घालून घातलं होतं. पाहुणे आले की ते मला आतून बोलावत आणि एखादी इंग्रजी कविता म्हणायला लावत. कविता संपली की “जा आत” म्हणत. मोठ्यानं म्हणायची ती तेवढीच. मी कॉलेजात आले तेव्हा वर्गात काही विचारलं तरी मुलं हसायची. मराठी बोलले तर माझ्या मराठीला आणि इंग्रजी बोलले तर इंग्रजीला. मग मी दोन्ही बंद केलं.

ती कॅसेट एकदा आमच्या टेपरेकॉर्डरमध्ये अडकली आणि पट्टी चुरगळली. मी ती नव्या पेठेत कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानात नेली. तेव्हा बाजारात एक नवीन प्रकार निघाला होता. जुन्या सिनेमांची गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकायची. कव्हरवर चित्र सिनेमाचंच असे, लोक घरी नेऊन लावत आणि भलताच आवाज निघाला की शिव्या देत. असल्या कॅसेटला सगळे डुप्लिकेट म्हणत. त्यांचा राग मला समजतो. फसवणूकच होती ती. दुकानदारानं दोन दिवसांनी माझी कॅसेट परत दिली आणि मोठ्या समाधानानं सांगितलं, “ताई, चुरगळलेली पट्टी कापून जोड दिलाय. बाईवालं गाणं होतं फक्त, डुप्लिकेट. मागच्या बाजूला तिथे कोरीच पट्टी होती, ओरिजिनल सगळी शाबूत आहेत.”

मी “बरं” म्हणाले आणि निघाले. त्या बाईनं कुणाला फसवलं नव्हतं. तिनं स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या चालीनं म्हटलं होतं. पण मूळ आवाज बाप्याचा आणि हिचा बाईचा, एवढ्यावरून दुकानदारानं निकाल दिला आणि कात्री चालवली. त्यानंतर ते गाणं फक्त माझ्याजवळ उरलं, तेही टाकीपाशी, मोटर चालू असताना.

असं ते गाणं, कॅसेटवरचं सगळ्यांत मोठ्या आवाजाचं म्हणून, मला धरणगावच्या मुलासाठी देवनागरीत लिहून द्यायचं होतं.

मला वाटलं होतं एका संध्याकाळीत होईल. तीन दिवस लागले. इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत बसवताना कुठे तोंड जास्त उघडायचं, कुठे शेवटचं अक्षर अर्धवट सोडायचं, हे दाखवायला आपल्याकडे सोय नाही. मी काना, अर्धचंद्र, टिंबं यांची कसरत केली. कॅसेट पाच शब्द ऐकायची, थांबवायची, लिहायची, पुन्हा मागे न्यायची. ढोलाखाली गाडलेले शब्द उकरून काढले. आणि ओळी नुसत्या लिहून देऊन भागलं नसतं. मूळ गाण्यात ओळींमध्ये उसंत नाही, तिथे ढोल आदळत राहतात. नवख्या माणसाला श्वास कुठे घ्यावा ते कळत नाही आणि तिसऱ्या कडव्यात त्याचा दम निघतो. हे मला माहीत होतं, कारण माझा निघाला होता. म्हणून मी दर ओळीच्या शेवटी खूण केली. जिथे मी श्वास घ्यायची तिथे मी लिहिलं, ‘ब्रेथ’.

‘श्वास’ लिहायला हवा होता. ते मला सुचलंच नाही. शाळेत संगीताच्या बाई आमच्या वहीत इंग्रजीत लिहायच्या, तेच बोटांत बसलं होतं. कंस करायचाही राहिला. दोन पानांवर मिळून एकवीस वेळा मी ‘ब्रेथ’ लिहिला, गाण्याच्याच शाईनं, गाण्याच्याच अक्षरात.

हे लिहितानाही मी रागातच होते, हे खोटं वाटेल इतक्या सुवाच्य अक्षरात ते लिहिलेलं होतं. मला गाता येतं ते सगळं मी त्या कागदावर काढून देत होते आणि देताना चूक राहू नये म्हणून जपत होते. असा हा राग होता. त्याला कामं नीट करायची सवय होती.

कागद आणि कॅसेट मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर त्या मुलाला दिली. त्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला. “देवनागरीत बाकी बेस दिसस,” तो म्हणाला. तालमी मुलांच्या हॉस्टेलवर होत. मुलींनी तिकडे जायचं नसे. मी सरांना विचारलं की एखादी तालीम कॉलेजात ठेवता येईल का, म्हणजे मला उच्चार ऐकता येतील. ते म्हणाले, “कशाला त्रास घेतेस? तुझं काम उत्तम झालंय.”

धुळ्याला मी गेले ती मुलींच्या समूहनृत्याच्या चमूबरोबर. त्यांच्या बाईंना दागिने आणि साड्या सांभाळायला कुणीतरी हवं होतं. एसटीची गाडी ठरवली होती. एरंडोल, पारोळा, मग धुळे. मुलं मागे बसून गाणी म्हणत होती, आम्ही पुढे. मागच्या मुलांत तो मुलगा नव्हता. तो मधल्या एका सीटवर एकटा बसून माझा कागद वाचत होता. ओठ हलत होते. परीक्षेच्या आधी आम्ही जीवशास्त्रातली नावं घोकायचो, तसा.

त्याचं नाव पुकारलं तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. हॉल भरलेला होता. धुळ्याची मुलं खिडक्यांतसुद्धा बसली होती. तो पांढरा शर्ट घालून आला. आमच्याच कॉलेजचा एक मुलगा साथीला कॅसिओ घेऊन बसला होता. त्यानं कॅसिओवर ढोलाचा ठेका लावला. तो मूळ ठेक्याच्या निम्म्यानं हळू होता, त्यामुळे ते गाणं मूळ गाण्यासारखंही लागेना आणि बाईच्या गाण्यासारखंही. मला ते चाललं असतं. ही तिसरीच तऱ्हा होती, आणि धरणगावच्या मुलाचा आवाज खरोखर भरदार होता. पहिली ओळ त्यानं जवळजवळ निर्दोष म्हटली. आणि ओळीच्या शेवटी, छाती पुढे काढून, तो ओरडला, “ब्रेथ”.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दुसरी ओळ. “ब्रेथ”.

तिसऱ्या ओळीपर्यंत मला सगळं कळलं. मांडीवर दागिन्यांची पेटी होती, ती मी घट्ट धरली. त्यानं शब्द पाळला होता. जसं लिहिलं तसं म्हणत होता. त्याच्या कानाला इंग्रजी शब्द सगळे सारखेच होते, आणि कॅसेटवर त्या जागी ढोल कोसळत होते, त्यामुळे तिथे काहीतरी शब्द असणार आणि तो आपल्याला ऐकू येत नाही, असंच कुणालाही वाटलं असतं.

श्वास घ्यायची प्रत्येक जागा तो त्या शब्दानं भरत होता. दुसऱ्या कडव्यात त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. तिसऱ्यात आवाज फाटला. भट्टीवरचा माणूस खरोखरच गुदमरतोय असं वाटायला लागलं. हॉल आधी शांत झाला, मग खिडकीतल्या मुलांनी ठेका धरला आणि शेवटच्या कडव्यात ओळ संपली की दोन-तीनशे पोरं त्याच्याबरोबर ओरडत होती, “ब्रेथ”.

मला हसू यायला हवं होतं. आज ही हकीकत सांगितली की लोक हसतात आणि त्यांचं चूक नाही. पण मी तिथे बसून एक एक जागा ओळखत होते. ही माझी. ही माझी. इथे मी थांबते, टाकीच्या कडेला हात टेकते. मी गाताना कुठे थांबते हे जगात कुणालाही माहीत नव्हतं, आणि आता अख्खं धुळं ते ओरडत होतं. तरीही मी तिथे नव्हते. माझं नाव कॉलेजनं पाठवलेल्या फॉर्मवर नव्हतं, कार्यक्रमपत्रिकेवर नव्हतं. मी साड्या सांभाळायला आलेली मुलगी होते.

त्याला पहिलं बक्षीस मिळालं. निकाल सांगताना नाशिकहून आलेले एक परीक्षक माईकवर म्हणाले की या गाण्याचं मूळ त्यांनी ऐकलेलं आहे, मुळात हा शब्द नाही. स्पर्धकानं हा शब्द घालून कामगाराची घुसमट उभी केली. नक्कल न करता प्रयोग केला, याचं त्यांना विशेष कौतुक वाटलं.

प्रयोग. मी तो शब्द ऐकला आणि मला नव्या पेठेतलं दुकान आठवलं. बाईनं सगळं गाणं विचार करून बदललं तर ते डुप्लिकेट, कापून फेकायचं. मुलानं कागदावरची सूचना म्हटली तर प्रयोग. परीक्षक भले गृहस्थ होते, त्यांना काय माहीत, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. समजावलं गेलं नाही.

परतताना गाडी पारोळ्याला चहासाठी थांबली. मी खाली उतरले नाही. तो मुलगा कपबशी घेऊन माझ्या खिडकीपाशी आला आणि हात उंच करून चहा वर दिला.

“बठ्ठं म्हनं मी,” तो म्हणाला. “तुम्ही लिखेल एक शब्द सोडा नही.”

“हो,” मी म्हणाले.

“पन भलता दम लागस ह्या गानाले. ते गोरे लोक कसं म्हनतस काय माहीत. माले तर शेवटले चक्कर येल व्हती.”

तो इतका सरळ बोलत होता की मला आणखीनच राग आला. त्यानं थोडी घमेंड केली असती तर बरं झालं असतं. तेव्हाच सांगता आलं असतं. मी चहा प्यायले, कपबशी परत दिली आणि खिडकीची काच ओढून घेतली. मागच्या सीटवरून जळगाव येईपर्यंत दर दोन मिनिटांनी कुणीतरी “ब्रेथ” ओरडत होतं आणि समूहनृत्याच्या मुली खिदळत होत्या.

पुढे आठवडाभर कॉलेजात तेच. तो दिसला की पोरं लांबूनच तो शब्द ओरडत आणि तो हात वर करी. प्राचार्यांनी प्रार्थनेनंतर त्याला गुलाबाचं फूल दिलं. सरांनी भाषण केलं. ग्रामीण भागातल्या मुलानं इंग्रजी गाण्यात नाव काढलं असं ते म्हणाले, आणि ते खरं होतं, म्हणून टाळ्या मीही वाजवल्या. मार्गदर्शन कुणाचं, तर सरांचं. एका मैत्रिणीनं कोपरानं ढोसून विचारलं, “तूच ना लिहून दिलं होतंस?” मी मान हलवली. “मग सांग की.” काय सांगायचं होतं? की मी कागद लिहिला? कागद कुणीही लिहितं. मला गायचं होतं हे कुणाला सांगितलेलंच नव्हतं, तर ते माझ्याकडून हिसकावून घेतलं असं तरी कसं म्हणायचं? त्या आठवड्यात मी घरी सगळ्यांशी तुसड्यासारखी वागले. नळ आला तरी टाकीपाशी गेले नाही. आईनं विचारलं, “आज भांडण नाही का?”

मग सरांचा निरोप आला.

त्यांच्या खोलीत तो मुलगा आधीच बसलेला होता, कॅसिओवालाही होता. सर खुशीत होते. पहिल्या क्रमांकामुळे आमच्या कॉलेजला पुढच्या फेरीत, विद्यापीठा-विद्यापीठांमध्ये होणाऱ्या स्पर्धेत जायचं होतं आणि नियमाप्रमाणे गाणं नवीन हवं होतं. स्पर्धक बदलला तरी चालत असे, जागा कॉलेजची होती. हे सरांनी स्वतःच सांगितलं, कॅसिओवाला बदलायचा का या चर्चेत.

“तर बेटा,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “त्याच कॅसेटमधलं दुसरं एखादं काढ. आठ दिवसांत लिहून दे. आणि हो, तो ब्रेथ याही गाण्यात टाक. तेच आवडलं ना त्यांना. या वेळी जरा जास्त टाक.”

खोलीत पंखा फिरत होता. मला वाटलं, आता मी “हो” म्हणणार. तोंडात तोच शब्द तयार होऊन आला होता.

“सर, तो शब्द गाण्यात नव्हता,” मी म्हणाले.

“माहीत आहे. परीक्षक म्हणालेच ना. तुझी कल्पना का ती? छान.”

“कल्पना नाही. ब्रेथ म्हणजे श्वास. इथे श्वास घ्या, असं लिहिलं होतं मी. सूचना होती.”

कॅसिओवाला आधी हसला. मग धरणगावचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या हातांकडे.

“म्हंजे मी सूचना म्हनी दिनी?” तो हळूच म्हणाला. “एकवीस वेळा? तरीच मना जीव चालना व्हता.” आणि तोही हसायला लागला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्या क्षणी माझा त्याच्यावरचा राग गेला. तो राग तिथे टिकणारच नव्हता.

सर हसले नाहीत. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. “हे बघ,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “झालं ते झालं. बक्षीस मिळालंय, फोटो छापून आलाय. हे या खोलीच्या बाहेर जायला नको. कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे. तू शहाणी मुलगी आहेस, कमी बोलतेस, म्हणून तर तुझ्यावर काम सोपवतो. तू फक्त लिहून दे. आणि शब्द राहू दे, आता लोकांना पाहिजे तो.”

कमी बोलतेस म्हणून. मी दोन वर्षं, नाही, वीस वर्षं कमी बोलत आले होते ते भीतीपोटी आणि या माणसानं ते स्वतःच्या सोयीसाठी जमेला धरलं होतं.

“मी लिहून देणार नाही, सर.”

“का? अगं, मग हा म्हणेल कसं?”

“तो त्याचं हिंदी म्हणेल. छान म्हणतो तो.”

“आणि पाश्चात्त्य? तिथे कोण उभं राहणार? कागद नको का कुणाच्या तरी हातात?”

माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. बाहेर व्हरांड्यातून चाललेली दोन मुलं थांबलेली मला दिसली.

“मी उभी राहणार,” मी म्हणाले. “मला पाठ आहे.”